पोटाचं माप, पाण्याचं माप

माप देताना माणूस खोटं बोलतो. तोंडाने नाही, पोटाने. कमरेला टेप लागली रे लागली की भल्याभल्यांची पोटं आत जातात. नांदुऱ्यात माझं पँट-शर्ट शिवायचं दुकान आहे, सगळं आयुष्य यातच गेलं, त्यामुळे या लबाडीवर माझा तोडगा ठरलेला आहे. टेप लावली की मी गिऱ्हाइकाला विचारतो, "मंग, औंदा पावसाचं कसं काय वाटते?" पावसाबद्दल मत नाही असा माणूस आमच्याकडे जन्माला यायचा आहे. तो बोलायला लागतो, श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं, आणि मी माप घेऊन टाकतो. वर थोडी ढील ठेवतो. पँट बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा हात लय बरोबर आहे.

माझं स्वतःचं माप मात्र मी कधी घेतलंच नव्हतं. जुनी पँट उसवायची, तिच्यावरून नवी कापायची, झालं. कमर छत्तीस. लग्न झालं तेव्हा बत्तीस होती, मग छत्तीसवर येऊन थांबली ती थांबलीच. कुणी पोटावरून चेष्टा केली की मी पँटचा पट्टा दाखवून सांगायचो, अजून छत्तीसच आहे बरं.

बायको दुकानातच माझ्या बाजूला बसायची. काज, बटन, तुरपाई सगळं तिचं. आधी तिच्या पायांवर सूज यायला लागली, मग चेहऱ्यावर. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, आम्हाला वाटलं त्यानेच असेल. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. मग आठवड्यातून दोनदा सकाळची गाडी धरून अकोल्याला डायलिसिस सुरू झालं. जाताना ती खिडकीशी बसून बोलायची, येताना गुपचूप डोळे मिटून पडायची.

मग नागपूरला किडनी बदलायचं निघालं, आणि माझा रक्तगट तिच्याशी जुळला. मला तर इतका आनंद झाला की नागपूरच्या डॉक्टरबाईंसमोर मी शर्ट वर करूनच बसलो. म्हटलं, "घ्या माही. दोन हायेत, एक रिकामीच बसून राह्यली." बाई हसल्या नाहीत. कागद वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "किडनी चांगली आहे. तुम्ही चांगले नाही." शुगर काठावर होती आणि पोट तर दिसतच होतं. या पोटानिशी एक किडनी काढून घेतली तर उद्या तुम्हीच माझ्याकडे पेशंट म्हणून याल, म्हणाल्या. थंडीचे दिवस होते. पावसाळा संपायच्या आत पोट उतरवा, मग पुन्हा तपासू. आणि दारापर्यंत गेल्यावर मागून हाक मारून सांगितलं, "नुसतं वजन नको हं. वजन कशानेही उतरतं. मला चरबी उतरलेली पाहिजे."

आमची एकुलती एक लेक पुण्याला नोकरी करते. तिचाही गट जुळत होता. ती फोनवर म्हणाली, "बाबांचं नाही जमलं तर मी देते, त्यात काय एवढं." बायकोने तिला नीट समजावलं, तुझं लग्न व्हायचं, लेकरंबाळं व्हायची, असलं काही मनात आणू नको. फोन ठेवला. मग शर्टाला बटन लावता लावता, वर न बघता मला म्हणाली, "तुमची जमली तं जमली. पोरीची मी घेनार नाई. जाईन तशीच." तिचा स्वभाव मला माहीत आहे. ती एकदा म्हणाली की त्यात ढील नसते.

म्हणजे सगळं येऊन थांबलं माझ्या ढेरीवर. आता आमच्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीत तूप वाढणाऱ्याचा हात धरणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. मी हात धरायला लागलो. कचोरी सोडली, दुकानातला दिवसभराचा गोड चहा सोडला, रात्रीचा भात सोडला. सकाळी उठून रेल्वेच्या कडेकडेने चालायला लागलो. ओळखीचे लोक थांबवून विचारायचे, "काऊन, गाडी चुकली का?" पहिले काही दिवस मी उत्तर द्यायचो. मग नुसता हात हलवायला लागलो.

महिनाभराने पँट सैल झाली. मी बायकोसमोर उभा राहिलो, पट्ट्यात अख्खा हात घालून दाखवला.

"पाह्य, किती उतरलो."

तिने मान तिरपी करून पाहिलं. "पँट उतरली. पोट जिथल्या तिथं हाय."

"मले माप शिकवतं का आता?"

"लोकाईचं घेता. सोताचं घेतलं का कधी?"

ती उठली, माझ्याच गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, बनियन वर करा. मी केलं. तिने टेप पँटच्या पट्ट्यावर नाही लावली, थेट बेंबीवर लावली. माझं पोट आपोआप आत गेलं, खरं सांगतो, मी काही केलं नाही. ती टेप धरून तशीच उभी राहिली. मग अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "मंग, औंदा पावसाचं कसं काय वाटते?"

मला हसू फुटलं, आणि पोट बाहेर आलं. चव्वेचाळीस. इतकी वर्षं मी पँट पोटाखाली घालत होतो आणि छत्तीस छत्तीस म्हणत होतो. पोट वरून वाढत गेलं, पँट खाली सरकत गेली, माप तेवढंच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ती माझं माप घ्यायला लागली. टेप बेंबीवर, ना घट्ट ना सैल, आणि श्वास सोडलेला.

घरचं झालं थोडं, तर लेकीने पुण्याहून एक काटा धाडला. काचेचा, वर स्टीलच्या चकत्या. त्यावर अनवाणी उभं राहायचं, मग तो तळपायातून बारीकसा करंट सोडतो म्हणे, आपल्याला कळतही नाही, आणि वजनाबरोबर अंगात चरबी किती टक्के ते सांगतो. मला तो काटा पहिल्या दिवसापासून आवडला आणि पहिल्या दिवसापासून आमचं भांडण झालं. सकाळी एक सांगायचा, संध्याकाळी दुसरंच. आंघोळीआधी एक, आंघोळीनंतर एक. मी अजून पायानेच शिलाई मशीन चालवतो, तेही अनवाणी, त्यामुळे माझे तळवे चपलेसारखे झालेले आहेत. लेक म्हणाली, बाबा, तळवे ओल्या फडक्याने पुसून उभे राहा. पुसले, तर चरबी कमी दाखवली. म्हटलं, "मंग कायले उपाशी मारून राह्यली बापाले? रोज पायच धुतो." ती हसत म्हणाली, "बाबा, रोज बघायचं नसतं हो. महिन्याचं बघा." पण घरात काटा आहे आणि बघायचं नाही, हे कसं जमायचं? मी दुकानात जाताना बघायचो, जेवायला आलो की बघायचो, आणि बायको झोपली की पुन्हा बघायचो.

मग ऊन तापलं. आमच्याकडचा उन्हाळा नवीन माणसाला सांगून कळत नाही. बायकोला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं होतं. किडनी काम करत नाही तर प्यालेलं पाणी अंगातच साठतं, छातीत चढतं. एक छोटी बाटली, ती दिवसभर पुरवायची. चहा, वरण, औषधाचं पाणी, सगळं त्यातच. ती बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन प्यायची. जीभ फारच कोरडी पडली की लिंबाची फोड चोखायची. एवढ्या उन्हात मी तिला एकदाही पाण्यासाठी कुरकुरताना ऐकलं नाही.

मी चालून यायचो, घामाने निथळत, आणि माठातून तांब्या भरायचो. तेव्हा ती तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायची. मला वाईट वाटू नये म्हणून. मी मोकळेपणाने प्यावं म्हणून. तिने कधी म्हटलं असतं ना, की माझ्यासमोर नका पिऊ, तर मी मोरीत जाऊन प्यायलो असतो आणि विसरून गेलो असतो. पण ती तोंड फिरवायची आणि माझ्या घशाखाली घोट उतरायचा नाही. मला माझ्या तहानेची लाज वाटायची. आपली भागते आणि हिची भागत नाही, मग आपणही का भागवावी? मी काही नवस बोललो नाही, व्रत धरलं नाही. नुसता तांब्या अर्धा भरायला लागलो. मग पाव. मग दुकानात गेल्यावर पिऊ म्हणायचो, आणि दुकानातही ती बाजूलाच बसलेली असायची.

वजन मात्र सपाट्याने उतरायला लागलं. मी मनातून खूश. पण काट्यावर चरबीचा आकडा वर सरकायला लागला. आधी वाटलं, पाय पुसायचे राहिले असतील. पुसून पाहिले, तरी वरच. वजन खाली, चरबी वर. टेप म्हणायची पोट कमी होतंय, काटा म्हणायचा चरबी वाढतेय. मी काट्याला तोंडाला येईल ते बोललो, पायाने ढकलून खाटेखाली घातला आणि पुण्याला फोन लावून लेकीवर ओरडलो, की हा चोर काटा परत घेऊन जा. ती बिचारी म्हणाली, "बाबा, काहीतरी चुकतंय, पण काय ते मला कळत नाही." फोन ठेवल्यावर मी तो काटा खाटेखालून परत काढला. मनात भीती बसली होती. काटा खरा असला तर? बाईंनी वजन नाही मागितलं, चरबी मागितली होती. उपाशी राहून, चालून चालून मी भलतंच काहीतरी उतरवत होतो की काय? बायको जवळ असली की मी हसून बोलायचो, आणि ती अकोल्याला मशीनवर पडलेली असली की बाहेर बाकावर बसून पोटाला चिमटे घेऊन बघायचो.

चौदा एप्रिलची जयंती आली. आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी पांढऱ्या शर्टांची अशी झुंबड असते की मला मान वर करायला सवड नसते. मिरवणुकीच्या दिवशी दरवर्षी आमच्या दुकानासमोर पाण्याचा आणि सरबताचा मंडप असतो, आणि पेले भरून द्यायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी ऊन रणरणत होतं. मी माणसांना पाणी पाजत होतो, "घ्या बापू, घ्या मावशी" चाललं होतं, ढोल वाजत होते. एकदम पोटरीत पेटका आला, डोळ्यांपुढे काळोख झाला, आणि मी पिंपाला धरून खालीच बसलो. लोकांनी सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, हातात सरबताचा पेला दिला. पेला ओठापर्यंत नेला आणि समोर पाहिलं. बायको दुकानाच्या दारात खुर्चीवर बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी पेला खाली ठेवला. म्हटलं, नंतर पितो. मग शेजाऱ्यांनी जबरदस्ती केली तेव्हा प्यायलो, तिच्याकडे पाठ करून.

त्या संध्याकाळी तिने माझा तांब्या उचलून आत पाहिलं आणि परत जागेवर ठेवला.

नागपूरची मधली फेरी त्याच आठवड्यात होती. मी काटा पिशवीत घालून बरोबर नेला, म्हटलं याचा काय तो निकाल लागू दे. डॉक्टरबाईंनी आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, आमच्या लेकीएवढी पोरगी. तिने मला आधी माझ्या काट्यावर उभं केलं, मग त्यांच्या. मग टेप लावली. मग एक चिमटा काढला, प्लास्टिकचा, आकडे लिहिलेला, आणि माझ्या पोटाची, पाठीची, दंडाची कातडी धरून धरून जाडी मोजली. मला गुदगुल्या होत होत्या, पण बायकोचा चेहरा बघून मी गप्प राहिलो.

पोरीने सगळे आकडे समोर ठेवले. "काका, टेप म्हणते पोट उतरलं. चिमटाही तेच म्हणतो. फक्त काटे उलटं म्हणतात, दोन्हीही." मग तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. "तुम्ही पाणी किती पिता?"

"पितो की. लागन तेवढं."

"खोटं बोलून राह्यले," बायको म्हणाली. "ह्यायचा तांब्या संध्याकाळी जसाच्या तसा राह्यते. मले वाटलं मीच उगाच शंका घेऊन राह्यली. त्या दिवशी मंडपात पाह्यलं तवा समजलं."

मग त्या पोरीने हळू आवाजात समजावून सांगितलं. हा काटा चरबी मोजतच नाही. तो अंगातलं पाणी बघतो, आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. पाणी असलं की करंट सरळ जातो. अंग कोरडं पडलं की अडतो, आणि मग काट्याला वाटतं की ही चरबीच अडवतेय. तुमची चरबी उतरतेय, काका, पण पाणीही उतरतंय. त्यामुळे काटा फसतो आणि तुम्ही घाबरता. आदल्या दिवशी नीट पाणी प्या, सकाळी एकाच वेळेला उभे राहा, आणि एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, महिनाभरात तो कुठे चाललाय ते बघा. टेप आहेच. मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि किडनी देणाऱ्या माणसाने स्वतःची किडनी अशी वाळवायची नसते, काका." सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात, ते खरं आहे. हेच मला घरच्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

बायको माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नाही.

"ते किडनी कोनाले देनार हाय तुमी?"

"तुले."

"मंग ते माही झाली ना?"

"हाव."

"मंग माह्या किडनीले काऊन तहानेनं मारून राह्यले?"

ती पोरगी उगाच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागली. मी तिथेच, त्या खुर्चीवर बसून रडलो. पन्नाशीचा माणूस, दुसऱ्यांची पोटं मोजणारा, मला काही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाणी तिच्या हातात गेलं. मी चालून आलो की ती उठायची, माठातून तांब्या काठोकाठ भरायची, माझ्या हातात द्यायची आणि समोर बसायची. तोंड फिरवायची नाही. शेवटचा घोट उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहायची. "माह्या वाटचं तुमीच पिऊन ठेवा," म्हणायची, "मंग सारं मिळून द्या मले." पहिले काही दिवस मला ते पिणं फार जड गेलं. मी तांब्याच्या बुडाकडे बघून प्यायचो. मग एक दिवस तिच्याकडे बघून प्यायलो, आणि ती हसली. त्यानंतर तसंच प्यायला लागलो.

थोड्याच दिवसांत काटा वळला. आधी पटकन खाली आला, मग हळूहळू, टेपच्या मागे मागे. रविवारी टेप आणि काटा एकच गोष्ट सांगायला लागले तेव्हा मी त्या काट्याला मनातल्या मनात माफ केलं. पोळ्याच्या सुमारास मी स्वतःला नवी पँट कापली. जुनी उसवून नाही, बायकोने घेतलेल्या मापावर, बेंबीजवळ बांधायची. ती घालूनच नागपूरला गेलो. डॉक्टरबाईंनी शुगर पाहिली, सगळे कागद पाहिले, स्वतः टेप लावली. मी पोट आत घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "चला, आता तुम्हीही चांगले आहात." बायकोने माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

पुढे मंजुऱ्या, सह्या, तपासण्या, यात दिवस गेले. लेक रजा घेऊन आली. दिवाळी आम्ही दवाखान्यातच केली, तिने खिडकीत एक पणती ठेवायची परवानगी मिळवली होती. ऑपरेशन झालं. माझी किडनी बायकोच्या अंगात गेली आणि पहिल्याच दिवशी कामाला लागली, असं नर्सने मला येऊन सांगितलं.

मला चालायला जमायला लागलं तसा मी तोंडाला मास्क लावून, कुशीवर हात दाबून तिच्या खोलीत गेलो. ती उशीला टेकून बसली होती. पायांची सूज उतरली होती, चेहऱ्यावरचीही. नर्स तिला म्हणत होती, "मावशी, आता भरपूर पाणी प्यायचं. जास्त प्यायचं. ही बाटली संपवा, मी दुसरी आणते." नर्स गेली. बायकोने ती मोठी बाटली उचलली, झाकण काढलं आणि सवयीने झाकणातच पाणी ओतलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती.

मी झाकण तिच्या हातातून घेतलं, बाजूला ठेवलं आणि पेला भरून दिला.

"पे. तिले पान्याची सवय हाय," मी म्हणालो. "तूच लावली."

मी तोंड फिरवलं नाही. ती पूर्ण पेला प्यायली आणि रिकामा पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.